भावजी नुसते बसायचे

"कोण आहे ती?"

"कोणी नाही."

"मग दुपारभर करता काय तिथं?"

"बसतो."

"कोणाजवळ?"

"कोणाजवळ नाही. नुसता बसतो."

हे भांडण मी ओल्या चादरीच्या आडून ऐकलं. मुद्दाम नाही. आमच्या लाँड्रीत कपडे वाळवायच्या खोलीत चादरी छतापासून खाली टांगलेल्या असायच्या. पलीकडच्या रांगेत कोण आहे ते दिसायचं नाही, नुसते पाय दिसायचे. माझ्या तोंडात चिमटे होते आणि दोन्ही हातांत चादरीची टोकं. मी इथं आहे, हे सांगायलासुद्धा तोंड मोकळं नव्हतं. चादरीखालून माझ्या धाकट्या दिरांचे पाय दिसत होते आणि त्यांच्यासमोर त्यांच्या बायकोचे, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचे. तिचा अंगठा सारखा फरशी उकरत होता.

"मला खुळी समजू नका," धाकटी म्हणाली. "मी जन्मभर लोकांचे कपडे उलटे करून बघत आलेय. तुमच्या पँटच्या मोहरीत वाळू आहे. बुडाशी ओल आहे. आणि शर्टाच्या पाठीला घाम नाही. सगळं गाव घामानं भिजतं त्या वेळेला तुमची पाठ कोरडी कशी? कोणीतरी वारा घालत असणार."

"वारा आपला आपण येतो," भावजी म्हणाले.

तोंडात चिमटे नसते तर मी हसले असते. पण पुढचं ऐकलं आणि हसू घशातच राहिलं.

"उद्या पुन्हा त्या वेळेला दुकानातून उठलात तर मी भावाकडे जाईन. आणि परत यायची नाही. सांगून ठेवते."

भावजींचे पाय थोडा वेळ तिथंच होते. मग वळले आणि दाराबाहेर गेले. त्यांची जायची वेळच झाली होती. मी तशीच उभी. चादरीचं पाणी माझ्या कोपरांवरून गळत होतं आणि मला भान नव्हतं. धाकटी मनात आणलं की करणारी बाई. बोलून दाखवायची आणि तसंच वागायची.

आणि भावजी कोणा बाईच्या नादी लागतील, हे मला जेवढं पटत नव्हतं, त्याहून ते नुसते बसत असतील, हे पटत नव्हतं. ह्या माणसाला बसलेला मी बघितलाच नव्हता. जेवायचेसुद्धा उभ्यानं, एका हातात घास आणि दुसऱ्या हातानं अभ्रे मोजत. गल्लीत त्यांना सगळे 'वाफ्या' म्हणायचे. इस्त्रीच्या यंत्रातून वाफ निघते तसे सारखे फुसफुसत असायचे. हे झालं का, ते निघालं का, हॉटेलची गाडी आली का. माझे यजमान थोरले, त्यांचं काम गिऱ्हाईक सांभाळायचं. पण लाँड्री खऱ्या अर्थानं चालवली ती भावजींनी. त्यांना मूलबाळ नव्हतं. नवराबायको दोघं पहाटेपासून कपड्यांत. त्यांच्यातलं बोलणं ऐकाल तर सगळं चादरींचं. "ह्याला खळ कमी पडली." "तो डाग उकळून काढ." असला संसार.

समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण त्याच्याकडे आम्ही वैऱ्यासारखं बघायचो. त्याच्या वाऱ्यानं कपडे वाळत नाहीत, वाळले तर चिकट राहतात, खिळे गंजतात आणि गंजाचा तांबडा ठिपका पांढऱ्या चादरीवर बसला की तो आमच्या जिवाला लागतो. म्हणून लाँड्रीच्या त्या बाजूच्या खिडक्यांना सासऱ्यांनीच फळ्या ठोकल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून मी समुद्र बघितला तो फक्त कुठं जाताना येताना, तिरक्या नजरेनं.

मग भावजी तिथं गेले कसे, ते सांगते. ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

हॉटेलांचा भराचा हंगाम होता. यंत्राच्या तापलेल्या पाट्यावर भावजी एका मागून एक चादर दाबत होते, तोंडानं पलीकडच्या टेबलावर हुकूम सोडत होते. एकाएकी जळका वास आला. आमच्या धंद्यात जळका वास म्हणजे अर्धा जीव गेला. भावजी ओरडले, "कोणी जाळलं?" आणि धाकटीच्या टेबलाकडे धावले. तिनं दाबलेले अभ्रे एकेक उलगडून बघायला लागले. "तूच जाळलंस. लक्ष कुठं असतं तुझं?" ती म्हणे, "माझी इस्त्री गारच आहे." हे ऐकेचनात. सगळी चळत विस्कटली. चादरी हुंगल्या. तो वास जाईना, जिथं जातील तिथं त्यांच्याबरोबर यायचा.

मग मी बघितलं. त्यांच्या डाव्या तळहाताची कड काळी पडली होती, आणि काळ्याच्या कडेला लाल. तापलेल्या पाट्यावर हात टेकून ते उभे होते, बोलत होते. वर्षानुवर्षं गरम कामानं तिथं जाड घट्टा पडलेला, त्याला काही जाणवलंच नाही.

मी नुसतं बोट दाखवलं.  भावजींनी हाताकडे बघितलं, आणि खरं सांगते, त्यांच्या तोंडावर आधी सुटल्याचा भाव आला. कपडा वाचला होता. मग ते खाली बसले. जमिनीवरच.

डॉक्टरनं हात गुंडाळला आणि बजावलं, आग नको, पाणी नको, वाफ नको. म्हणजे लाँड्री नको. पण घरी बसतील ते भावजी कसले. एका हातानं येऊन सगळ्यांच्या पायात पायात करायचे. शेवटी माझे यजमान वैतागले. "जा बाबा कुठंतरी. रस्ता संपेल तिथपर्यंत जा. संध्याकाळपर्यंत मला तोंड दाखवू नकोस."

रस्ता समुद्राशी संपतो.

हात बरा झाला, भावजी यंत्रावर परत आले, पण दुपारी ऐन गाडी भरायच्या वेळेला हात पुसायचे आणि निघून जायचे. कोणाला काही सांगणं नाही. आणि त्यातून ते चादरीआडचं भांडण.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं सकाळपासून तोंड उघडलं नाही. वेळ झाली. भावजींनी हात पुसले, तिच्याकडे एकदा बघितलं आणि गेले. मला वाटलं आता ही गाठोडं बांधणार. तर माझ्यापाशी येऊन म्हणते, "जाऊबाई, चला."

"कुठं?"

"मी जाणार ते जाणारच. पण आधी तिला बघून जाईन."

तिला एकटी सोडायची माझी छाती नव्हती. गेलो दोघी. बर्फाच्या कारखान्याची लांब भिंत आहे, तिच्या आडोशाला उभ्या राहिलो. खाली दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. खालून दुसऱ्या तिसऱ्या पायरीवर भावजी बसले होते, आमच्याकडे तिरकी पाठ करून. हात मांडीवर, जळालेला तळवा वर.

"येईल आता," धाकटी कुजबुजली.

एक म्हातारा कुत्रा घेऊन गेला. कुत्र्यानं भावजींना हुंगलं, म्हातारा काहीतरी बोलला, भावजींनी मान हलवली. मग खरंच एक बाई आली. डोक्यावर टोपली, चालणं ठसक्याचं. धाकटीनं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. बाई सरळ आली, पायऱ्यांपाशी थांबली, चपलेतला खडा काढला आणि पुढं निघून गेली. भावजींनी वळून बघितलंसुद्धा नाही.

"ही नव्हे," धाकटी म्हणाली.

"असं दिसतंय," मी म्हटलं.

माझे पाय भरून आले. भिंतीपलीकडून कारखान्याचा गारवा येत होता, समोरून ऊन. भावजी हलत नव्हते. लाट येई, त्यांच्या पायाखालच्या पायरीला लागे, परत जाई. त्यात बघायचं काय होतं कोण जाणे. पण ते बघत होते. बाळाला दूध पिताना आई बघते तसं.

धाकटीचा चेहरा मी बघितला आणि मला धसका बसला. तिथं राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रंगच उडाला होता.

भावजी उठले, बूड झटकलं, वळले. आम्हाला बघून जराही दचकले नाहीत. "अरे, तुम्ही दोघी? बसायचं का?"

"कोण आहे इथं?" धाकटी म्हणाली.

"कोणी नाही. म्हणालो होतो ना."

"मग इथं आहे काय?"

"हे काय," भावजी म्हणाले आणि समुद्राकडे हात केला.

ती त्या पाण्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, जाऊबाई. ह्याचं मी काय उपटू?"

त्याच संध्याकाळी ती भावाकडे गेली.

लाँड्रीत हाहाकार. चादरींचे डोंगर साचले. यजमान माझ्यावर खेकसले, जसं काही मीच समुद्र आणून ठेवला होता. भावजी सगळ्यांपेक्षा लवकर येत, बायकोच्या वाटचंही काम करत, आणि दुपार झाली की उठत. मला राहवलं नाही. एकदा ते हात पुसत असताना मी दार अडवून उभी राहिले.

"भावजी, ते सोडा ना. संसारापेक्षा मोठं आहे का ते?"

माझ्याशी ते कधी काम सोडून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, अडखळत. "वहिनी, पहिले दिवस मी तिथं बसून लाटांच्या घड्या घालत होतो. खरंच. लाट दिसली की वाटायचं, कडा जुळत नाहीत, पुन्हा उलगडा. मग कधीतरी ते थांबलं. पाणी पाणीच दिसायला लागलं. आणि हात दुखायला लागला. तोवर दुखतच नव्हता, कळतंय का? मला माझा हात जळताना कळला नाही. उद्या ती माझ्यासमोर पडून मेली तरी मी म्हणेन, गाडी आली का बघ."

मी दार सोडलं नाही. "मग हे तिला सांगा."

"सांगायला येत नाही."

"सांगायला येत नाही तर नका सांगू," मी म्हटलं. मी चिडले होते. "पण त्या दगडावर बसता ते तिच्या भावाच्या दारात बसा की. दगडाला काय, सगळीकडे असतात."

मी आपला टोमणा मारला. तर हा माणूस दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेला. हॉटेलची गाडी दारात उभी, आणि वाफ्या नाही. यजमान ते ऐकून मटकन खुर्चीत बसले.

पुढचं मला धाकटीनंच सांगितलं, कितीतरी नंतर, कपडे पिळताना. चादर पिळायला दोघी लागतात. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. पीळ देता देता ती बोलली, म्हणून बहुतेक बोलू शकली.

तिच्या भावाचं गॅरेज. भावजी जाऊन दारातल्या जुन्या टायरवर बसले. "चल" म्हणाले नाहीत, "चुकलं" म्हणाले नाहीत. भाऊ म्हणाला, हाकलू का? ती म्हणाली, असू दे. ती तेलकट चिंध्या धूत होती, आणि धुता धुता तिनं नवऱ्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. त्यांच्या आईपासून ते त्यांच्या जेवणापर्यंत काही सोडलं नाही. गॅरेजातले कामगार पाने-पक्कड खाली ठेवून ऐकायला लागले. भावजी तिच्याकडे बघत होते. घड्याळाकडे नाही, रस्त्याकडे नाही, तिच्याकडे.

"मी घाबरले, जाऊबाई. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं माझ्याकडे एवढा वेळ कधी बघितलेलं नाही. मला वाटलं, ह्याला काहीतरी झालंय, हा आता मरणार."

शिव्या संपल्या. तिच्यासारखीच्याही संपल्या म्हणजे बघा. मग जे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं ते निघालं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिला दिवस गेले होते. कोणाला सांगायच्या आधीच गेलंसुद्धा. पहाटे, मागच्या न्हाणीत, एकटीनं निस्तरलं तिनं. आणि उजाडल्यावर येऊन टेबलाशी उभी राहिली.

माझ्या हातातून चादरीचं टोक सुटलं. एका छपराखाली राहत होतो आम्ही. त्या दिवशीही आम्ही दोघींनी अशाच चादरी पिळल्या असतील. मला आठवेना, आणि आठवायची भीती वाटली.

"धर गं," ती म्हणाली. "मातीत पडेल."

मी धरलं.

"ते म्हणाले, त्या दिवशी मी काय म्हणालो तुला? मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, आज अभ्रे कमी का निघाले."

भावजी ह्यावर काय बोलले, मी विचारलं. ती म्हणाली, काही नाही. रडलेसुद्धा नाहीत. टायरवरून उठले, तिच्याशेजारी जमिनीवर बसले, बादलीतली चिंधी घेतली आणि पिळायला लागले. काळी कुळकुळीत चिंधी, ती काय पांढरी होणार. दोघं संध्याकाळपर्यंत ती बादली संपवत बसले. मग तिनं हात धुतले, पिशवी उचलली आणि म्हणाली, "शेवटची बस कितीला आहे?"

अशी ती परत आली. कोणी कोणाच्या पाया पडलं नाही. यजमान पुन्हा खुशीत आले. पण धक्के संपायचे होते कुठं. आल्या आल्या भावजींनी हॉटेलांची कामं सोडून देतो म्हणून सांगितलं. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. मोठं यंत्र थोरल्यांकडे राहू दे, आम्ही दोघं मागच्या खोलीत गल्लीतले कपडे करू, म्हणाले. आणि त्या खोलीच्या समुद्राकडच्या खिडकीची फळी उचकटून काढली. सासऱ्यांनी ठोकलेली फळी. यजमान म्हणाले, "डोकं फिरलंय ह्याचं. महिन्याभरात इस्त्र्या गंजतील." गंजल्याच. धाकटी रोज राख लावून घासायची आणि घासताना खिडकीच्या नावानं बोटं मोडायची. पण बंद करायला उठली नाही कधी.

मागच्या खोलीत मग होतं काय? दोन टेबलं, दोन इस्त्र्या, एक खाट, चहाची किटली. ज्या माणसाकडे गाड्या भरून कपडे यायचे त्याच्याकडे आता दातांच्या डॉक्टरचे कोट, शाळेतल्या बाईंचे कपडे, बसवाल्यांचे गणवेश. लोकांना वाटलं धंदा बुडाला. मलाही वाटायचं. मग एकदा मी दारात उभी राहून बघितलं. भावजी एकच शर्ट करत होते. आधी कॉलर, मग खांदा, मग बाही. आणि त्या शर्टाची मालकीण, ती शाळेतली बाई, शेजारी उभी राहून आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगत होती, ती ऐकत होते. इस्त्री थांबली की ऐकणं, ऐकणं थांबलं की इस्त्री. दोन्ही एकदम करत नव्हते. बाईचं समाधान बघून मला तिचा हेवा वाटला, सुनेसकट.

दुपारी समुद्र चुकला नाही. धाकटी त्यांच्याबरोबर फारशी जायची नाही. म्हणायची, "मला दगड टोचतो." गेलीच तर भाजी निवडायला घेऊन जायची आणि त्यांच्याशेजारी बसून देठं पाण्यात टाकायची. लोक विचारायचे, "वाफ्या, काय दिसतं रे तिथं?" ते म्हणायचे, "पाणी." काही जणांना वाटायचं हे लपवतात. मीही एकदा जाऊन बसले, म्हटलं बघू या तरी. मला झोप लागली. भावजींनी उठवलं नाही, ऊन तोंडावर आलं तेव्हा नुसते सरकून सावली केली.

असंच त्यांचं म्हातारपण गेलं. आणि मग ते गेले, झोपेत, एका सकाळी. धाकटीनं हाक मारली, उठले नाहीत. मी धावत गेले तर ती खाटेजवळ बसून त्यांचा तो डावा हात हातात घेऊन बघत होती. मला म्हणाली, "गार आहे." एवढंच. मी कितीतरी मरणं बघितली आहेत, पण इतकं आवाज न करता गेलेलं माणूस बघितलं नाही. मला किती दिवस खरंच वाटेना. दुपार झाली की मी खिडकीतून पायऱ्यांकडे बघायची.

पण तो दिवस मला सांगायचा नाही. आदल्या दिवशीचं सांगते, कारण मी तिथंच होते, धाकटीकडे चहाला.

भावजी डॉक्टरचे कोट पोचवून, समुद्रावर जाऊन, परत येताना धाकटीनं सांगितलेलं दोऱ्याचं रीळ घेऊन आले. तिनं रीळ खिडकीत नेलं, फाटल्या चादरीच्या कडेशी धरलं आणि म्हणाली, "हा पांढरा नाही. पिवळट आहे."

"पांढराच दिला म्हणाला दुकानदार."

"दुकानदाराला काय, तो दिव्याखाली बसतो. इकडे या, उजेडात बघा."

भावजी खिडकीशी गेले. दोघांनी डोकी जवळ आणून दोरा बघितला.

"पिवळट आहे," ते म्हणाले.

"मग?"

"बदलून आणतो."

"राहू द्या, उद्या आणा. पाय दुखत असतील."

"नाही दुखत." त्यांनी चपला घातल्या. "वहिनी, तुम्हाला काही आणायचंय का?"

मी नको म्हटलं. ते गेले. आम्ही दोघी चहा पीत बसलो, शाळेतल्या बाईंच्या सुनेबद्दल बोललो. भावजी आले, रीळ तिच्या हातात दिलं. ती पुन्हा खिडकीत गेली, चादरीशी धरून बघितलं.

"हा बरोबर," धाकटी म्हणाली आणि सुईत ओवायला लागली.